अकरा महिने संपले, आता पुढे काय

शुक्रवार, रात्री

आज शेजारच्या पोराचं प्रशिक्षण संपलं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, म्हणजे टीव्हीवर ज्याला लाडका भाऊ लाडका भाऊ करत होते ती. 2024 ला आली तेव्हा महिन्याला बारावीला 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8 आणि ग्रॅज्युएटला 10 हजार, मुदत सहा महिने, मग ओरड झाली तेव्हा आणखी पाच महिने वाढवले. हा बी.कॉम, म्हणजे दहा हजारवाला. एका सरकारी ऑफिसात बसवलेलं, काम काय तर आवक रजिस्टरला नोंदी, जुन्या फायली स्कॅन करणं, आणि साहेबांनी "जरा बघ रे" म्हटलं की त्यांचं एक्सेल नीट करून देणं. पैसे दोन-दोन महिने लटकायचे. तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, आई खालच्या वाण्याला सांगायची ऑफिसात लागलाय म्हणून, मी कशाला मध्ये बोलू.

योजना अगदीच वाईट म्हणणार नाही मी, पोरगं चार लोकांत बोलायला लागलं, ऑफिसचं पत्र कसं लिहितात ते कळलं. पण सर्टिफिकेट हातात देऊन घरी पाठवलं आणि टेबलावरचं काम तर तसंच आहे ना, ते आता कोण करणार? पोरांनी आंदोलनं केली कायम करा म्हणून, सरकार म्हणतं हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. कागदावर बरोबरच आहे म्हणा.

संध्याकाळी गॅलरीत विचारलं तर म्हणाला, "काकी, सध्या रात्रीची डिलिव्हरी करतो, मग बघू." म्हणजे आता तो बेकार नाही!! सरकारी पाहणीत आठवड्याचा हिशोब लावतात तेव्हा सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात.

माझे सासरे सुरुवातीला गिरणीत बदली कामगार होते, सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी दांडी मारली तर काम, नाहीतर घरी. ॲप उघडून ऑर्डरची वाट बघणारा पोरगा वेगळं काय करतोय? फक्त बदलीवाल्याला कधीतरी कायम व्हायची, पीएफची आशा तरी होती. 1982 च्या संपात अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, नंतर गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, आणि त्यात आमच्या लालबाग-परळच्या पोरांना काय मिळालं तर सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, नाहीतर ट्रायल रूमबाहेर उभं राहून किती कपडे आत नेले ते मोजायचं.

गंमत म्हणजे रोजगार हमी सगळ्यात आधी आपल्याच राज्याने आणली, वि. स. पागेंची कल्पना, 1977 चा कायदा. पण ती खेड्यापाड्यांसाठी, मुंबईतल्या माणसाला तिचा उपयोग नाही. केरळने 2010 ला शहरांसाठी अय्यंकाली योजना काढली, राजस्थानने 2022 ला, वर्षाला शंभर दिवस काम. आपल्याकडे शहरातल्या पोरांना मेळावे, पोर्टल आणि स्टायपेंड.

जेवताना ह्यांच्याशी ह्यावरून चांगलंच वाजलं. ह्यांचं म्हणणं, तिथे झाडं लावणं, साफसफाई असलीच कामं असणार, बी.कॉमवाला हातात फावडं घेईल का. मी म्हटलं, आधी काम मागायचा हक्क तर द्या, मग बघू कोण घेतं आणि कोण नाही, आणि बी.कॉमवाल्याला लिहायचं काम द्यायला कुणी अडवलंय, वॉर्ड ऑफिसात काय फायली कमी आहेत?