टायगरची शीट: हवेचा रोध घातला आणि गणित जुळलं

मंडळी, स्वतःच्याच तोफेच्या गोळ्यांवर आदळलेल्या ग्रमन टायगर या अमेरिकी लढाऊ विमानाची एक्सेल शीट अखेर चालायला लागली. नव्याने आलेल्यांसाठी प्रकरण थोडक्यात: 21 सप्टेंबर 1956, लाँग आयलंडच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकवर चाचणी. वैमानिक टॉम ॲट्रिज याने 20,000 फुटांवरून सूर मारला, 13,000 फुटांवर 20 मिमी तोफांची सुमारे चार सेकंदांची फैर झाडली, मग नाक आणखी खाली केलं आणि उरलेले गोळेही संपवले. 7,000 फुटांच्या आसपास समोरच्या काचेवर दणका बसला. पक्षी धडकला असं त्याला वाटलं. ते त्याचेच गोळे होते, पहिल्या फैरीला जेमतेम 11 सेकंद झाली होती.

आधी मुद्दाम हवा शून्य धरून शीट चालवली. विमान 390 मी./से. (त्या उंचीवर साधारण माक 1.2, म्हणजे तिथल्या ध्वनीवेगाच्या 1.2 पट), तोफेच्या तोंडाशी गोळ्याचा वेग 1,010, म्हणजे बेरीज 1,400. अकराव्या सेकंदाला गोळा 11 किमी पुढे. भेट होणं शक्यच नाही.

मग रोधाचा रकाना भरला. गोळ्याचं वजन 110 ग्रॅम, रोधगुणांक (हवा गोळ्याला किती अडवते त्याचा आकडा) सरसकट 0.4, हवेची घनता 0.9 किलो प्रति घनमीटर. आता चित्र पालटलं. साडेतीन सेकंदांतच गोळ्याचा वेग विमानाइतका खाली येतो. त्या क्षणी तो सुमारे 1,100 मीटर पुढे असतो, पण तिथून पुढे विमान अंतर कापत जातं. अकराव्या सेकंदाला दोघांनी तोडलेलं अंतर: विमान 4,290 मीटर, गोळा 4,276. खरं सांगतो, दोनदा फॉर्म्युला तपासला.

तोवर गोळ्याचा वेग 160 मी./से.च्या खाली गेलेला. म्हणजे गोळ्यांनी विमानाला गाठलं नाही, विमानच 230 मी./से.च्या फरकाने त्यांच्यावर जाऊन आदळलं.

खरी मजा उंचीच्या रकान्यात आहे. विमान त्याच रेषेत सरळ गेलं असतं तर गोळे गुरुत्वाकर्षणाने खाली वाकून त्याच्या पोटाखालून निघून गेले असते. सूर खडा केल्यामुळे दोन्ही वाटा पुन्हा एकमेकींना छेदल्या. सुरुवातीचा कोन मी 20 अंश धरलाय, आणि गोळ्याची घसरण साधारण 400 मीटर. कोनामुळे कमी झालेली उंची आणि ही घसरण यांची बेरीज 6,000 फुटांच्या जवळ येते. 13,000 मधून 7,000 वजा करा!

ॲट्रिजने धावपट्टी गाठायचा प्रयत्न केला, पण इंजिनात गोळा शिरलेला होता. विमान थोडं अलीकडेच झाडांत कोसळलं. पाय आणि मणके मोडले, जीव वाचला.

या शीटमुळे माझं एक मत पक्कं झालंय. ‘गोळीपेक्षा वेगवान विमान’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा: नळीच्या तोंडाशी की किलोमीटरभर पुढे? एसआर-71 ‘ब्लॅकबर्ड’ या अमेरिकी टेहळणी विमानाचा 28 जुलै 1976 चा विक्रम ताशी 3,529 किमी, म्हणजे 980 मी./से. इन्सास रायफलची गोळी तोंडाशी 900 च्या आसपास. म्हणजे तोंडाशीही विमानच पुढे, आणि त्यानंतर तर गोळीला मागून ढकलणारं काही उरत नाही, ब्लॅकबर्डची इंजिनं मात्र तासभर जोर लावू शकत होती. शिवाय माकचा आकडा उंचीशिवाय लिहू नका. समुद्रसपाटीला ध्वनी 340, अकरा किमीवर 295. एकाच वेगाचे दोन वेगळे माक होतात.

गंमत म्हणून लोहगावच्या सुखोई-30 ची 30 मिमी तोफही टाकून पाहिली: गोळा 390 ग्रॅम, तोंडाशी 860 मी./से., विमानाचा वेग तोच 390. वजनदार गोळा वेग जास्त टिकवतो, त्यामुळे भेट 16 सेकंदांवर गेली. तोवर तो इतका खाली घसरलेला असतो की त्याला गाठायला वैमानिकाला सूर बराच जास्त खडा करावा लागेल.

आता सरसकट 0.4 काढून माकप्रमाणे बदलणारा रोधगुणांक घालायचाय. ध्वनीच्या वेगाखाली तो बराच कमी होतो, तेव्हा 11 चा आकडा थोडा पुढे सरकेल असा अंदाज. 20 मिमी गोळ्यासाठी कुणाकडे चांगला तक्ता असेल तर द्या.