पुण्यात बसून वेल्ह्यातली दुर्बीण चालवताना

लांब ठेवलेली दुर्बीण इंटरनेटवरून चालवतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो कॅमेऱ्याचा. माझ्या लेखी पहिला प्रश्न छपराचा आहे. नेट गेलं, लाईट गेली, कॉम्प्युटर अडकला आणि नेमके तेव्हाच वळवाचे थेंब पडायला लागले, तर छप्पर आपणहून बंद होतं का? याचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत मी शेडमध्ये दुर्बीण नेलीच नाही. महिनाभर पिलरवर दुर्बिणीच्या मापाचं थर्माकोलचं खोकं बांधून नुसती छपराची उघडझाप करत होतो.

शेड वेल्हे (आता राजगड) तालुक्यात, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, शेताच्या कडेला आहे. आठ बाय आठ फूट, लोखंडी अँगल आणि पत्रे. पुण्याचा उजेड ईशान्येकडून येतो. दक्षिण आणि पश्चिम बरी. दुर्बीण 102 मिलीमीटर व्यासाची अपवर्तक, म्हणजे भिंगांची; नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं) 714 मिलीमीटर. कॅमेरा झेडडब्ल्यूओचा एएसआय 533 मोनो (कृष्णधवल), 3.76 मायक्रॉनचे पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलला सुमारे 1.09 आर्कसेकंद (अंशाचा साठावा भाग आर्कमिनिट, त्याचा साठावा आर्कसेकंद) आणि चौकट 54 आर्कमिनिटांची, पौर्णिमेच्या चंद्राच्या पावणेदोन पट रुंद. माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) ईक्यू6-आर, खाली सिमेंटचा पिलर. आपल्या अक्षांशावर ट्रायपॉड वापरला तर काउंटरवेटचा दांडा पायाला अडकू शकतो. पिलरवर ती कटकट नाही. परावर्तक दुर्बीण मुद्दाम घेतली नाही. तिचे आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, आणि तो स्क्रू पुण्यातून फिरवता येत नाही.

लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली 2 मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्यावर चालवतात, हे उदाहरण सगळे देतात. पण तिथे जागेवर माणसंही असतात. आपल्या शेडमध्ये रात्री फक्त पाली.

छपराला बंगल्याच्या सरकत्या गेटची मोटर लावली आहे, 24 व्होल्टची, बॅटरीवर चालणारी. दातेरी पट्टी, टोक आलं की मोटर थांबवणारे दोन्ही बाजूंचे लिमिट स्विच, आणि मोटरला हुकूम देणारा ईएसपी32 हा छोटा कंट्रोलर बोर्ड. सुरुवातीला यात एक अट होती: दुर्बीण आडवी पार्क झालेली असेल तरच छप्पर हलेल. त्यासाठी माउंटच्या दोन्ही अक्षांवर चुंबक आणि चुंबक जवळ आला की लागणारे रीड स्विच बसवले. सॉफ्टवेअर ‘पार्क झालं’ म्हणतं त्यावर विसंबायचं नाही, कारण हे माउंट मोटरच्या पावलांवरून आपली जागा ठरवतं. क्लच थोडा घसरला तर सॉफ्टवेअरच्या मते दुर्बीण आडवी असते आणि प्रत्यक्षात नळी वर तोंड करून उभी.

ही अट कागदावर छान दिसते. पण कॉम्प्युटर मेला आणि दुर्बीण उभीच राहिली, तर छप्पर या अटीपायीच उघडं राहतं आणि पाऊस थेट आत. यावर खात्रीचा उपाय एकच निघाला. फॅब्रिकेटरला बोलावून भिंती चाळीस सेंटिमीटर वाढवल्या, म्हणजे नळी कुठेही रोखलेली असली तरी छप्पर तिच्यावरून निघून जातं. रीड स्विच आता फक्त नोंदीपुरते आहेत. ईएसपी32ला कॉम्प्युटरकडून दर 30 सेकंदांनी ‘जिवंत आहे’ असा निरोप जातो. पाच मिनिटं निरोप आला नाही की तो कुणालाही न विचारता छप्पर ओढून घेतो. पावसाचा सेन्सर थेट याच बोर्डाला जोडला आहे, कॉम्प्युटरच्या मार्फत नाही. ही चाचणी दर अमावास्येच्या आठवड्यात करतो: चालू रात्रीत कॉम्प्युटरचा सॉकेट दूरून बंद करायचा आणि सीसीटीव्हीत बघत बसायचं.

भिंती वाढवल्याची किंमत म्हणजे साधारण 25 अंशांखालचं आकाश गेलं. तसं ते फारसं कामाचं नव्हतं. 30 अंशांवरच प्रकाशाला डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवा ओलांडावी लागते. पण त्यात ध्रुवतारा गेला, कारण वेल्ह्यातून तो क्षितिजावर जेमतेम 18 अंश असतो. ध्रुव न बघता ध्रुवीय अक्ष (माउंटचा पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा अक्ष) जुळवायचा, तर निना या मोफत सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पद्धत चालते. आकाशात एकाच दिशेने सरकत तीन ठिकाणी फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोतले तारे ओळखून सॉफ्टवेअर अक्ष कुठे चुकलाय ते सांगतं, आणि बोल्ट फिरवताना आकडा कमी होताना दिसतो. तेवढ्यासाठी मात्र एकदा जागेवर जावं लागतं. पिलर पक्का असेल तर वर्षातून एकदा पुरे. चूक एक आर्कमिनिटाच्या आत आणायची आणि बोल्ट कसताना परत बघायची, कारण कसण्यातच ती हलते.

ढगांसाठी वर तोंड करून बसवलेला एमएलएक्स90614 हा अवरक्त तापमापक आहे. निरभ्र आकाश थंड दिसतं, ढग गरम. कुठल्या फरकाला ‘ढग’ म्हणायचं याचे तयार आकडे इथे चालत नाहीत. जानेवारीच्या कोरड्या रात्री हवा आणि आकाश यांत 25 अंशांहून जास्त फरक पडतो. मेमधल्या दमट रात्री आकाश स्वच्छ असूनही तो 15च्या खाली येतो. एकच आकडा ठेवला तर हिवाळ्यात विरळ ढग सुटतात, नाहीतर उन्हाळ्यात छप्पर उघडतच नाही. मी महिन्याप्रमाणे आकडा बदलतो आणि शंका आली की सर्वाकाश कॅमेऱ्याचा फोटो बघतो.

विजेची गोष्ट गावाकडच्यांना सांगायला नको. शेतीपंपाच्या फिडरवर वीज पाळीने येते आणि व्होल्टेज कसंही असतं. त्यामुळे शेडमध्ये 230 व्होल्टवर फक्त चार्जर आहे. बाकी सगळं 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीवर. माउंट, कॅमेऱ्याचं शीतकरण, मिनी पीसी, दवासाठीचा हीटर पट्टा आणि राउटर मिळून 65 ते 70 वॉट घेतात. दहा तासांना सुमारे 700 वॉट-अवर. बॅटरीत 1,280 असतात, त्यामुळे रात्रभर लाईट नसली तरी काम चालतं. छपराच्या मोटरची बॅटरी वेगळी. ती कुणाशीही वाटून घ्यायची नाही. तारा जाड घ्या. माउंट मधूनच रीसेट होत होतं तेव्हा मी आठवडाभर ड्रायव्हरला दोष दिला. दोष होता बारीक वायरचा: कॅमेरा थंड व्हायला लागला की ओढ वाढायची, टोकाला व्होल्टेज 11च्या खाली जायचं आणि माउंट बेशुद्ध. 2.5 चौरस मिलीमीटरची वायर टाकली आणि प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज दिला.

मिनी पीसी पंख्याविना चालणारा आहे. त्याच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय सुरू करावी लागते, ती बहुतेकदा बंदच असते. एचडीएमआयला नकली डोंगल लावायचं, नाहीतर मॉनिटर नसल्यामुळे रिमोट डेस्कटॉपवर पोस्टाच्या तिकिटाएवढी स्क्रीन मिळते. विंडोजचे अपडेट थोपवून ठेवायचे. सगळी यूएसबी उपकरणं अशा हबवर हवीत ज्याचा प्रत्येक पोर्ट दूरून बंद-चालू करता येतो. कॅमेरा सापडत नाही या तक्रारीवर दहापैकी आठ वेळा तेवढंच औषध लागतं.

नेट मोबाईलच्या सिमवर आहे. सिमवरच्या राउटरला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडून बाहेरून आत शिरायची जुनी युक्ती चालत नाही. टेलस्केल हे खासगी जाळं जोडणारं सॉफ्टवेअर बसवलं की घरचा लॅपटॉप आणि शेडचा पीसी एकाच खोलीत असल्यासारखे वागतात. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं. पण खरी गोष्ट वेगळीच: रात्रीचं काम नेटवर अवलंबून ठेवायचंच नाही. कुठला फोटो कधी घ्यायचा ही क्रमवारी शेडमधल्या पीसीवरच चालते. मी फक्त डोकावतो. नेट तीन तास गेलं तरी फोटो निघत राहतात. एक फोटो 18 एमबीचा, दोन मिनिटांचे फोटो आठ तास घेतले तर चार जीबीच्या वर जातं. ते रात्री ओढायचं नाही. सकाळी सिंकथिंग या फाइल उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने सावकाश उतरवायचं.

एका रात्रीचा क्रम सांगतो. लक्ष्य होतं वास्प-43 बी, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं अधिक्रमण (ग्रहाचं आपल्या ताऱ्यासमोरून सरकणं). तारा 12व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा मोठा तितका तारा मंद), ग्रहाची फेरी साडेएकोणीस तासांची, अधिक्रमण सुमारे सव्वा तासाचं, आणि त्यात ताऱ्याचा प्रकाश अडीच टक्क्यांनी उतरतो. चार इंची दुर्बिणीला झेपेल अशातलं हे लक्ष्य आहे. फेब्रुवारीत तो इथून जवळजवळ सात तास 30 अंशांच्या वर असतो.

संध्याकाळी पाचला कॅमेरा थंड करायला लावतो, मिनिटाला दोन अंश या वेगाने. फेब्रुवारीत उणे 10 सहज मिळतं, मेमध्ये 0वर समाधान मानायचं. शीतकरण 80 टक्क्यांच्या वर गेलं तर तापमान स्थिर राहत नाही आणि डार्क (झाकण लावून घेतलेले, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ वजा करायचे फोटो) जुळत नाहीत. छप्पर सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी, आतली हवा बाहेरच्याइतकी व्हायला. मग एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळून एक फोटो. अ‍ॅस्टॅप हे सॉफ्टवेअर त्यातले तारे ओळखतं आणि माउंटला खरी जागा कळते. फोकस नऊ बिंदूंवर, ताऱ्याच्या रुंदीचा ‘व्ही’ आकाराचा आलेख बघून. आलेखाची एक बाजू वाकडी आली तर फोकसरला ढिलाई आहे. नेहमी एकाच दिशेने शेवटचं पाऊल टाकायला लावायचं.

मार्गदर्शनाचं (फोटो चालू असताना तारा जागेवर धरून ठेवण्याचं) कॅलिब्रेशन पीएचडी2 या सॉफ्टवेअरमध्ये, खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा). त्यानंतर 0.8 आर्कसेकंदांच्या आसपास चूक मिळते. सुंदर फोटोसाठी दोन फोटोंमध्ये दुर्बीण जराशी हलवतात. अधिक्रमणासाठी ते बंद. तारा तीन तास त्याच पिक्सेलवर बसला पाहिजे, नाहीतर पिक्सेल-पिक्सेलमधला फरकच ग्रहासारखा दिसतो. फोकसही मधे बदलायचा नाही. आणि मध्यमंडल ओलांडताना दुर्बीण पालथी होणं अधिक्रमणाच्या मधोमध येणार नाही अशीच तारीख निवडायची.

फोटो 120 सेकंदांचे, आधी एक तास आणि नंतर एक तास धरून 95च्या आसपास. तुलनेच्या ताऱ्यांपैकी सगळ्यात तेजस्वी ताऱ्याचा शेंडा (त्याच्या सर्वात उजळ पिक्सेलचा आकडा) 65,535पैकी 50,000च्या खाली राहील असं बघायचं. घड्याळ मात्र नीट लावा. विंडोज स्वतःहून वेळ फारच क्वचित तपासतं. माइनबर्गचं एनटीपी हे नेटवरून घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर बसवलं की प्रश्न मिटतो. भारतातल्या रात्रीला एक सुख आहे: जागतिक वेळेची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते, त्यामुळे जवळजवळ अख्खी रात्र एकाच तारखेत पडते.

एका रात्री पार्श्वभूमी सगळ्या फोटोंत एका कोपऱ्याकडे उजळ यायला लागली. चंद्र नव्हता, ढग नव्हते. शेडवर नजर ठेवणाऱ्या सीसीटीव्हीचे अवरक्त दिवे होते ते. डोळ्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला भरपूर दिसतात. आता छप्पर उघडलं की सीसीटीव्हीचे दिवे बंद, छप्पर हलवायच्या वेळी चालू.

फ्लॅट (धूळ आणि कडांचा अंधार दुरुस्त करायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) सकाळी. पार्क झालेल्या नळीसमोर भिंतीवर चित्रकलेचा एलईडी ट्रेसिंग पॅड बसवला आहे, त्यावर पांढऱ्या कागदाचे चार थर. कागद यासाठी की एलईडी लुकलुकतो. फोटो तीन सेकंदांपेक्षा लहान असला तर फ्लॅटवर पट्टे उमटतात. मग अ‍ॅस्ट्रोइमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्याच्या प्रकाशाची मोजणी. प्रकाशाचा वक्र नीट आला की अधिक्रमणाची वेळ एक्सोक्लॉक या प्रकल्पाकडे पाठवतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या एरियल मोहिमेसाठी तिथे अशा वेळा गोळा होतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं उतरवतो. दुर्बीण आणि कॅमेरा घरी, सिलिका जेलच्या डब्यात. माउंट जागेवरच, सुती चादर आणि वरून ताडपत्री; नुसती ताडपत्री घातली तर आतून घाम सुटतो. शेडमध्ये येणारी प्रत्येक वायर हाताने काढायची, अँटेनाचीसुद्धा. वीज जवळ पडली तर स्विच बंद असल्याचं तिला काही वाटत नाही. ऑक्टोबरमध्ये पहिला दिवस फक्त सफाईचा: उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या, पावसाच्या सेन्सरची काच पुसायची आणि दातेरी पट्टीच्या खाचांतून कुंभारमाशीची मातीची घरं स्क्रूड्रायव्हरने एकेक करून काढायची. एक जरी राहिलं तरी मोटर तिथेच अडकते.