स्ट्रिपमध्ये उरलेल्या गोळ्या

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. चतुर्थीला दोन आठवडे होते आणि फोंड्यात असा पाऊस की क्लिनिकच्या पायरीला पाणी लागलेलं. या दिवसात येणारे पेशंट ठरलेले असतात, गोचीड तापाची कुत्री, कानात ओल राहून कान सुजलेली कुत्री, भांडून फाटून आलेले बोके. त्यामुळे मावशी कापडी पिशवीत मांजर घेऊन आत आल्या तेव्हा मला वाटलं चावल्याचीच केस असणार. जखम होतीच, पण मावशी जखमेबद्दल काही बोलल्याच नाहीत. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाय गो, ह्या माजराक दिसना."

मनी, चार वर्षांची, वजन तीन किलो चारशे ग्रॅम. टेबलावर ठेवल्यावर मांजर आधी कडेला जाऊन खाली बघतं, उडी मारता येते का ते. ही जिथं ठेवली तिथंच दबून बसली. ट्यूबलाइटच्या उजेडात डोळ्याच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की रंगीत भाग फक्त एक बारीक कडं राहिलेला. टॉर्च मारला तर बाहुल्या आकसल्या, पण सावकाश आणि अर्धवट. डोळ्यासमोर हात नेला, पापणी लवली नाही. मग कापसाचा बोळा वरून सोडला. ही साधी टेस्ट आहे, कापूस पडताना आवाज होत नाही, हवाही फारशी हलत नाही, त्यामुळे ज्याला दिसतं तेच डोकं कापसामागून फिरतं. मनीने डोकं फिरवलं नाही.

मग डोळ्याच्या आत बघितलं. मागचा चकाकणारा थर नको तेवढा चमकत होता आणि रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक. म्हणजे पडदाच गेलेला, दोन्ही डोळ्यांचा, एकाच वेळी. अशा वेळी डोक्यात जे जे येतं ते विचारत गेले. ब्लड प्रेशर मोजलं, ठीक. खायला काय, तर बांगडे आणि भात, मग टॉरिन, म्हणजे मांजराच्या डोळ्यांना लागणारा अन्नातला घटक, कमी पडल्याचीही शक्यता कमी. कधीपासून? परवा संध्याकाळी दाराच्या चौकटीला आपटली, काल दुधाची वाटी नाकाखाली नेली तेव्हा कळली. औषध काय दिलंत, मावशी? इथं मला भीती पॅरासिटामॉलची होती. आपल्याकडे ताप म्हणून मांजराला ती गोळी सर्रास देतात आणि मांजर त्याने मरतं. पण हिरड्या गुलाबी होत्या आणि पॅरासिटामॉलने असं आंधळेपण येतही नाही.

मावशींनी पिशवीतून एक पाकीट काढलं. पाकिटावर माझं अक्षर.

त्यांचा कुत्रा टायगर, अठ्ठावीस किलोचा, नसबंदी न केलेला, जूनमध्ये माझ्याकडेच आला होता. लघवीतून रक्त, ताप, मागून चालताना कुबडल्यासारखा. प्रोस्टेटला, म्हणजे नराच्या मूत्राशयाजवळच्या ग्रंथीला, इन्फेक्शन होतं. लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवली, ई-कोलाय नावाचा जंतू वाढला. प्रोस्टेटमध्ये सगळी अँटिबायोटिक्स शिरत नाहीत, जी शिरतात त्यातलं एक एन्रोफ्लॉक्सॅसिन, रिपोर्टमध्ये ते चालेल असं आलं म्हणून मी १५० मिलिग्रॅमची रोज एक, चार आठवडे, अशा मोजून अठ्ठावीस गोळ्या दिल्या होत्या. कुत्र्याला या औषधाचा डोस दर किलोला ५ पासून २० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, त्यामुळे टायगरला ते काही जड नव्हतं.

पाकिटात साडेनऊ गोळ्या होत्या. टायगर आठवड्यात खेळायला लागला, सोळाव्या दिवशी मावशींनी गोळी बंद केली, बारा उरल्या. फ्रिजवर ठेवल्या. मग मनीला बोका चावला, पाठीवर गळू आलं, बाहेर पाऊस, बसने मांजर घेऊन यायचं म्हणजे त्रास, आणि घरात डॉक्टरने दिलेलं औषध होतंच. "हांवें अर्दीच दिली," मावशी म्हणाल्या, माजर लहान म्हणून. पाच दिवस, रोज अर्धी.

मी मनातल्या मनात भागाकार केला. अर्धी म्हणजे ७५. भागिले ३.४. दर किलोला बावीस मिलिग्रॅम. मांजराची मर्यादा दिवसाला दर किलोला ५.

हे कॉलेजात शिकलेलं होतं, प्रत्यक्षात कधी बघितलं नव्हतं. मांजराच्या रेटिनाच्या दारावर एक पंप असतो, एबीसीजी-२ नावाचं प्रोटीन, त्याचं काम म्हणजे आत आलेलं औषध बाहेर फेकणं. मांजरात या प्रोटीनमध्येच जन्मजात बदल आहेत, ते नीट चालत नाही, हे २०११ मध्ये कळलं. मग एन्रोफ्लॉक्सॅसिन रेटिनात साठतं आणि हे औषध उजेडाने बिघडणारं, डोळ्यात तर उजेड जाणारच, त्यातून पेशी मरतात. कुत्र्याचा पंप शाबूत असतो म्हणून त्याच घरात टायगरला काही झालं नाही. २००१ साली अमेरिकेतल्या सतरा मांजरांच्या केसेस छापून आल्या होत्या, सगळ्यांना हे औषध दिलेलं, काहींची नजर थोडी परत आली, बहुतेकांची नाही. त्या वेळचा मोठा डोस नंतर खाली आणला गेला तो यामुळेच.

हे सगळं मावशींना सांगायचं कसं? मी इतकंच सांगितलं की गोळीमुळे झालंय, आजपासून बंद, उजेडापासून चार दिवस लांब ठेवा, आणि यावर दुसरं औषध नाही. त्या म्हणाल्या, "पण ती गोळी तुझीच मगो." आवाजात राग अजिबात नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की डॉक्टरचं औषध म्हणजे वाईट असणार नाही. मला तिथं बसूनच राहावंसं वाटलं, कारण टायगरच्या वेळी मी डोस सांगितला, जेवणानंतर द्या सांगितलं, पण घरात मांजर आहे का हे विचारलंच नव्हतं. मावशींच्या घरी मांजर आहे हे मला माहीत असायला हवं होतं, टायगरच्या नाकावर जुना ओरखडा होता.

सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की मनीला त्या गोळीची गरजच नव्हती. चाव्याच्या गळवाचं खरं औषध पू काढणं. मी तिला भूल देऊन पाठीवरचे केस काढले, छेद दिला, वाटीभर घाण पू आला, सलाईनने धुतलं, आणि नंतर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट साडेबासष्ट मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला वगैरे जंतू यालाच मानतात. आठ दिवसांत पाठ कोरडी.

आणि टायगर? त्याचं लक्षात आलं ते मनीची पाठ बघता बघता. सोळा दिवसांनी थांबवलेला कोर्स म्हणजे प्रोस्टेटमध्ये जे तगले ते तगले. मावशींना म्हटलं त्यालाही आणा. खरंच, परत थेंब थेंब रक्त सुरू झालं होतं, पाऊस होता म्हणून लक्ष गेलं नव्हतं. परत कल्चर, परत ई-कोलाय, आणि या वेळी रिपोर्टवर एन्रोफ्लॉक्सॅसिनपुढे आर. रेझिस्टंट, म्हणजे जंतू आता या औषधाला दाद देत नाही. जूनमध्ये तिथं एस होता, म्हणजे औषध चालेल. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

मग ट्रायमेथोप्रिम-सल्फा दिलं, तेही प्रोस्टेटमध्ये शिरतं, पण त्याने कुत्र्याच्या डोळ्यातलं पाणी आटू शकतं म्हणून दर आठवड्याला अश्रू मोजायची पट्टी लावून बघायचे. एक आंधळं मांजर झाल्यावर त्याच घरात दुसऱ्याचे डोळे मी नशिबावर सोडणार नव्हते. नसबंदीही केली, त्याने प्रोस्टेट आक्रसतं. चार आठवडे मावशी दर सोमवारी येऊन रिकामी स्ट्रिप दाखवायच्या, मी न सांगता.

आता पाकिटावर जनावराचं नाव, वजन, आणि कुठल्या तारखेपर्यंत ते लिहिते, खाली "दुसऱ्या कुणाला नाही" असं मोठ्या अक्षरात. उरलं तर परत आणा सांगते, लोक आणतात सुद्धा. घरात अजून कोण कोण आहे हे मी कुत्र्याच्या वजनाआधी विचारते.

मनी घरात फिरते. मावशींनी एक खुर्ची जागची हलवली नाही, चतुर्थीला माटोळी, गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायलासुद्धा शिडी तिच्या वाटेतून काढून घेतली. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की ती भिंतीला मिशा घासत बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, येते. तपासणीला आणतात तेव्हा मावशी विचारतात, थोडं तरी आलं का गो? मी दर वेळी कापूस सोडते. मागच्या महिन्यात डावीकडून पडताना तिने मान किंचित वळवली असं मला वाटलं, मावशींनाही वाटलं. परत सोडला, तीनदा. नाही वळवली.