उसात पडलेला ड्रोन आणि निसटलेलं टिचबटण

गेल्या रविवारी सकाळी माझा ड्रोन उसात पडला. साडेतीन इंची प्रॉप्सचा (म्हणजे पंख्यांचा), बॅटरीसकट २४० ग्रॅमचा, घरी स्वतः सोल्डर करून बांधलेला. मी ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल लावून बांधावर बसले होते आणि शेजारी चुलतभाऊ आकाशाकडे लक्ष ठेवून उभा होता. तोड झालेल्या रानावरून जेमतेम दीडशे मीटर पुढे गेले असेन, तेवढ्यात गॉगलमध्ये ‘आरएक्सलॉस’ (रिमोटचा सिग्नल तुटला) ही अक्षरं लुकलुकली, क्षणभर गेली, परत आली. मी वळवायला घेतला तोवर फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावरची आपोआप होणारी सुरक्षा-कृती, लागला, मोटरी बंद पडल्या आणि ड्रोन शेजारच्या उभ्या उसात गेला.

चित्र मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं. पडल्यावरही गॉगलमध्ये उसाचं एक पान दिसत होतं, अगदी कडेच्या कुसांसकट. व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झवर येतो आणि रिमोटचा सिग्नल २.४ वर जातो, दोन्हींचे अँटेना वेगळे. म्हणजे ड्रोनवरची बॅटरी, वायरिंग, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) सगळं जिवंत होतं आणि फक्त रिमोटचा दुवा तुटला होता.

ज्यांचा ऊस, त्या मामांना विचारूनच आत शिरलो. "जा की, पण खाली बघत जावा, पाचटात जनावर असतंय," म्हणाले. सिग्नल गेला की मोटरींनीच पिपाणीसारखा आवाज करावा, असं मी बेटाफ्लाइटमध्ये, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लावून ठेवलंय. तो आवाज ऐकत सऱ्यांतून चाललो. अगदी जवळ पोचलो आणि आवाज थांबला. दोन पावलं मागे सरकले, तर पुन्हा सुरू. माझ्या गळ्यात रिमोट चालूच होता. जवळ गेलं की दुवा जुळत होता आणि आवाज बंद होत होता. भाऊ म्हणाला, "ताई, रिमोट बंद कर ना." केला, आणि दहा मिनिटांत ड्रोन हातात आला. हातांवर पानांचे ओरखडे, दोन प्रॉप्स गेले, बाकी काही नाही.

जवळ जुळतं, लांब तुटतं. घरी टेबलावर ठेवला तर अर्थातच सगळं सुरळीत चाललं. इथेच बहुतेक जण रिमोट आणि ड्रोनची जोडणी नव्याने करतात (बाइंड), आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) बदलतात. मी आधी गॉगलमधलं रेकॉर्डिंग काढून दोन आकडे पाहिले. माझं हे ठाम मत झालंय की सिग्नल गेला की स्क्रूड्रायव्हरच्या आधी हे दोन आकडे बघावेत. लिंक क्वालिटी म्हणजे रिमोटने पाठवलेल्या संदेशांची शंभरातली किती पाकिटं पोचली. आरएसएसआय म्हणजे पोचलेला सिग्नल किती जोरात आहे; हा आकडा उणे असतो, आणि शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल क्षीण. जोर चांगला असताना पाकिटं गळत असतील तर आजूबाजूचा गोंगाट किंवा ड्रोनमधलंच काहीतरी शोधायचं. जोरच नसेल तर अँटेना.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पडण्याआधी आरएसएसआय उणे १०४ होता. एक्स्प्रेसएलआरएसला (माझ्या रिमोटच्या रेडिओ-दुव्याची पद्धत) २५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २५० पाकिटं जाताना, उणे १०८ ही शेवटची पायरी. त्याच बांधावर, त्याच १०० मिलिवॉटवर, गेल्या महिन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्याच अंतरावर उणे ७० होता. ३४ डीबी (डेसिबल) कमी म्हणजे साधारण अडीच हजारावा भाग. ड्रोन तिरका झाला, कार्बनची फ्रेम आड आली किंवा माझंच अंग मध्ये आलं, तरी सरळ दिशेने जाताना इतकी घट एकसारखी टिकत नाही.

रिमोटचा अँटेना हाताने घट्ट केला, फरक नाही. मग ड्रोनमधल्या रिसीव्हरवरचं (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारं प्लास्टिकचं आवरण, ब्लेडने उभं चिरलं. अँटेनाची वायर जिथे बसते तो यूएफएल कनेक्टर तांदळाच्या दाण्याएवढा, टिचबटणासारखा दाबून बसणारा. तो बसलेला दिसत होता, पण नखाने हलवला तर एका बाजूने उचललेला. हीटश्रिंकने त्याला जागेवर धरून ठेवलं होतं, म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं. मागच्या एका आदळण्यात वायर ओढली गेली असणार.

अंगठ्याने सरळ खाली दाबला. ‘टिक’ झालं, आणि ती ‘टिक’ बोटाला जाणवली. हे कनेक्टर साधारण ३० वेळा काढघाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, त्यामुळे सारखं उघडून बघू नये. वर गरम गोंदाचा एक थेंब टाकला आणि वायरीला थोडा ढील ठेवून ती फ्रेमला झिपटायने बांधली. आधी ती ताणून बांधली होती. तिथे माझं चुकलं होतं.

प्रॉप्स काढून फेलसेफ तपासला: मोटरी फिरत असताना रिमोट बंद केला, थोड्याच वेळात थांबल्या. मग रिमोटची ताकद १० मिलिवॉटवर आणली, ड्रोन गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि आकडा बघत गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. लिंक क्वालिटी शंभरावरून हलली नाही.

काल संध्याकाळी परत त्याच बांधावर गेलो. दीडशे मीटरला उणे ६९. मामा बघायला आले होते, त्यांना गॉगल लावून त्यांचा ऊस वरून दाखवला. "मधी पिवळा पट्टा दिसतोय, तिथं पाणी पोचत न्हाई वाटतं," म्हणाले, आणि गॉगल काढून थेट पाटाकडे चालत गेले.