नाताळ म्हणजे नेमकं काय? तुम्ही विचारलंत म्हणून

डिसेंबर लागला की कोणीतरी विचारतंच. ऑफिसात, गल्लीत, परवा तर इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत भाजी घेताना : "केक आणि सांताक्लॉज सोडून तुमच्या नाताळात असतं तरी काय? लहानपणी काय करायचात तुम्ही?" उभ्या उभ्या "या की घरी फराळाला" एवढंच बोलून होतं. आज नीट सांगते.

सांताक्लॉजचं आधी संपवते. चौथ्या शतकातले मायराचे (आजच्या तुर्कस्तानातलं गाव) बिशप निकोलस यांच्या दानशूरपणाच्या आठवणीतून तो पुढे घडला. आमच्या घरी तो कधी आला नाही आणि आम्हा भावंडांना त्याची उणीवही भासली नाही.

आमचा सण सुरू व्हायचा बेकरीत. आई मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलदोड्याची पूड डब्यांत भरून द्यायची आणि आम्ही नानकटाईसाठी नंबर लावायचो. पीठ मळून मिळालं की पत्र्यावर गोळे आम्हीच मांडायचो. भट्टीत एकावेळी चार घरांचे पत्रे जायचे. आपला ओळखू यावा म्हणून धाकटा भाऊ कोपऱ्यातल्या नानकटाईवर दोन चारोळ्या दाबायचा, आणि पत्रा बाहेर येताच तीच पहिली तोंडात टाकायचा. घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. दिवाळीला शेजारून ताटं आलेली असायची, नाताळला आमच्याकडून जायची. कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन पप्पा चांदणी करायचे, आत बल्ब सोडायचे. रात्री कॅरल पार्टी निघायची. ढोलकी, पेटी, झांजा घेऊन घरोघरी गाणी, आणि प्रत्येक घरी चहा.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो : हे सगळं आमच्यासारखंच कसं? अहो, आम्ही इथलेच. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. तेव्हापासून इथल्या किती पिढ्या या विश्वासात वाढल्या. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर अभंग-भजनांच्या वळणाची ख्रिस्ती गीतं लिहून ठेवली. देवाला हाक मारायची ती मराठीतच, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

आता अर्थ. तो मला कळला तो घोंगडीमुळे.

संडेस्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, नाटिकेत एका वर्षी मला मेंढपाळाचं काम मिळालं. मला देवदूत व्हायचं होतं, पांढरा झगा घालायचा होता. मी रुसून बसले. आज्जीनं ट्रंकेतली काळी घोंगडी काढून माझ्या डोक्यावरून टाकली. टोचणारी, लोकरीचा उग्र वास येणारी, आणि इतकी जड की खांदे वाकावेत. मग ती म्हणाली, "रडतीस कशाला? देवानं पयला निरोप कुणाला धाडला, ठावं हाय का?"

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात ते लिहिलेलं आहे. रोमचा सम्राट कैसर औगुस्त यानं नावनिशी (लोकांची नोंद) करायचा हुकूम काढला, म्हणून योसेफ आणि त्याची वाग्दत्त वधू मरीया नासरेथहून बेथलेहेमला आले. दिवस भरलेले. उतारशाळेत जागा नाही. बाळ जन्मलं, त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. आणि तारणारा जन्मल्याची बातमी गेली ती रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

आपल्याकडे पीक निघालं की धनगर रानात मेंढरं बसवतात ते तुम्ही पाहिलंच असेल. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावलेली, कुत्री भोवती, थंडीत एकजण जागा. आज्जी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायची, "अशांस्नी. ज्येंची रात गावाभाईर जाती त्येंस्नी." मला सगळा नाताळ त्यात सापडतो. माणूस स्वतःच्या पुण्याईनं देवापर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून देवच माणूस होऊन खाली आला, असा आमचा विश्वास आहे. आणि आला तो जनावरांच्या वैरणीच्या जागी, जिथं यायला कोणालाही संकोच वाटू नये. राजवाड्यात जन्मला असता तर धनगराला दारावरच अडवलं असतं. हाच येशू पुढे आमच्या पापांसाठी वधस्तंभावर गेला. त्याचा जन्म आणि मरण आम्ही वेगळं काढत नाही. म्हणून 25 तारखेची सकाळ आधी उपासनेची, फराळ नंतर. ती तारीख शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नाही, हेही सांगते. त्या दिवशी हा सण पाळल्याची रोममधली जुनी नोंद इ.स. 336 ची आहे. माझ्या विश्वासाला त्यानं काही बाधा येत नाही.

एक गोष्ट मात्र मला लहानपणापासून खटकायची. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळाला पाहायला आलेले ज्ञानी, सोनं, ऊद, गंधरस अर्पण करून गेले की आमची नाटिका संपायची, पडदा पडायचा. मत्तयाचं शुभवर्तमान तिथं थांबत नाही. हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारायला माणसं धाडतो, आणि योसेफ रातोरात आई-बाळाला घेऊन मिसर देशात (इजिप्तमध्ये) पळतो. तारणारा तान्हा असतानाच परमुलखात आसरा शोधत होता. सणासुदीला लहान मुलांपुढे हे नको, असं मोठी माणसं म्हणायची. मला ते पटत नाही. घर सुटलेली, भ्यालेली माणसं नाताळच्या गोष्टीतच आहेत आणि मुलांना ती दिसायला हवीत. आता मी संडेस्कूलमध्ये शिकवते. यंदाच्या नाटिकेत मिसरला जाण्याचा प्रवेश घेतला आहे. योसेफाच्या खांद्यावर आज्जीची घोंगडी दिली आहे, आणि तालमीत एका मुलीनं विचारलं की मिसरमध्ये त्यांना घर कोणी दिलं. घर देणाऱ्यांचं नाव शास्त्रात नाही, असं मी तिला सांगितलं. तर ती म्हणाली, मग ते काम मी करते.