दिवा लागला म्हणजे फोर बाय फोर लागलं असं नाही

जुनी मारुती जिप्सी बघायला गेलात की विकणारा एक गोष्ट हमखास दाखवतो. गिअरशेजारचा छोटा दांडा टाकतो, डॅशबोर्डवर फोर व्हील ड्राइव्हचा दिवा लागतो, आणि म्हणतो, "बघा साहेब, फोर बाय फोर एकदम ओके." कृपा करून या दिव्यावर विश्वास ठेवू नका. हा दिवा फक्त एवढंच सांगतो की ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) दांडा जागेवर बसला. पुढची चाकं फिरतायत की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

जिप्सीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर हब असतात, हाताने 'लॉक' आणि 'फ्री' करायचे. हब लॉक झाला तरच पुढचा शाफ्ट चाकाला धरतो. आता मुद्द्याची गोष्ट. पुढचं डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला, डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटणारा गिअरचा गोळा) साधं, ओपन असतं. म्हणजे दोनपैकी एक जरी हब आतून मेलेला असेल, तर सगळा जोर त्या सुट्या बाजूला वाहून जातो. दुसरा हब कितीही चांगला असो, पुढची दोन्ही चाकं मेल्यात जमा. दिवा मात्र लागलेलाच. हे मला भंडारदऱ्याजवळच्या घाटघरच्या पावसात कळलं, आणि ते कळायच्या आधी मी 'फोर बाय फोर ओव्हरहॉल'चे १८,५०० रुपये मोजले होते.

गाडी घेण्यामागे हौस होतीच, पण खरं कारण पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा आम्ही कुर्ल्यात होतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा सासूबाई तिथे पहिल्या मजल्यावर अडकल्या होत्या आणि आम्ही मुंबईत बसून नुसते फोन लावत होतो. तेव्हाच ठरवलं, साधी, उंच, कुठेही दुरुस्त होणारी गाडी दारात हवी. २०११ चं मॉडेल, १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन, साडेतीन लाखांच्या आसपास मिळाली. नवी मुंबईतल्या विकणाऱ्याने दिवा दाखवला. उपनगरातल्या एका गॅरेजने पुढचा अ‍ॅक्सल उघडून साफ केला, दोन्ही हबना नवं किट टाकलं, नवं ग्रीस भरलं, असं बिलावर लिहून दिलं. ते बिल अजून माझ्याकडे आहे.

घाटघरच्या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. ठाणे, शहापूर, कसारा घाट, घोटी, तिथून भंडारदऱ्याला शेंडी. निवांत जाता येतं. शेंडीला मुक्काम झाला, जेवण चांगलं होतं, धुक्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मुरशेत, पांजरे करत घाटघर. इथपर्यंत कुठलीही साधी गाडी येते. फोर बाय फोरचा काही संबंध नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. मेव्हण्याच्या ओळखीचे एक कुटुंब साम्रदच्या बाजूला एका वाडीत राहतं. त्यांच्याकडे धान्याची पोती आणि औषधं पोचवायची होती. "रस्ता सोपा आहे, परवाच पिकअप वर गेली," असं फोनवर सांगितलं गेलं. ती पिकअप पाऊस सुरू व्हायच्या आधी गेली होती. डांबरी सोडल्यावर आधी एक ओढा, मग चढ. चढ फार तर दोनशे मीटरचा असेल. खालचा भाग भाताच्या खाचरांना लागून, तिथे चाकोरी एवढी खोल की मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे डिफचा, गोळा मधल्या मातीला घासत जातो. मधे काळा कातळ, त्यावर शेवाळ आणि वरून वाहतं पाणी. शेवटी डावीकडे वळण, आणि नेमकं तिथेच उजवी बाजू उताराला झुकलेली. सकाळी सुरुवात केली, वर पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. दोनशे मीटरला.

ओढा विनासायास पार झाला. पाणी चाकाच्या हबपर्यंतच होतं. चढाच्या तोंडाशी हब लॉक केले, फोर लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाकला, दिवा लागला. कातळावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मेव्हणा खाली उतरून बघत होता. तो ओरडला, "भावजी, पुढचं एकही चाक हलत नाहीये!" मला खोटं वाटलं. मीही उतरून बघितलं, त्याला आत बसवलं. खरंच. मागची दोन्ही बाजूंना चिखल उडवतायत आणि पुढची ढिम्म. हजार किलोच्या आतबाहेर वजनाची ती गाडी एका जागी खड्डा करत बसली होती.

टायरची हवा १६ पीएसआयपर्यंत उतरवली. थोडा फरक पडला, गाडी खड्ड्यातून निघाली, पण कातळावर पुन्हा तेच. दगड रचले, रिकामी पोती घातली, फावड्याने चाकोरी फोडली. हे सगळं करताना अंगावर पाऊस असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. जरा रेंज मिळाली तिथून हायवेच्या एका टोइंगवाल्याला फोन लावला. त्याने १२,००० सांगितले, ते पण "डांबरीवरून ओढू, खाली उतरणार नाही" या अटीवर. म्हणजे जिथे गरज आहे तिथे येणारच नाही.

शेवटी आला तो बाजूच्या शेतातला ट्रॅक्टरवाला. आवणीचे दिवस, त्याची चिखलणी चालू होती, ती थांबवून आला. माझ्या पुढच्या लोखंडी बंपरला दोन लाल शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) लावलेले होते, बाजारातून बसवून घेतलेले, दिसायला दणकट. तो आडवा होऊन खालून बघून आला आणि म्हणाला, "दादा, ह्याला बांधलं तर बंपर माझ्याकडं येईल अन् गाडी तुमच्याकडंच राहील." त्याचं बरोबर होतं. ते शॅकल नुसत्या बंपरच्या पत्र्याला बोल्ट केलेले होते, चासीशी काही संबंध नाही. ताणाखाली असलं लोखंड सुटलं तर ते गोळीसारखं येतं, त्यात माणसं मेलेली आहेत. पट्टा आम्ही चासीला असलेल्या कंपनीच्या मूळ हुकाला लावला, पट्ट्यावर मध्यभागी ओलं गोणपाट टाकलं, सगळ्यांना बाजूला केलं आणि ट्रॅक्टरने एका दमात वर ओढली. त्याने डिझेलचे म्हणून ८०० रुपये घेतले. जास्त देत होतो, घेतले नाहीत. धान्य पोचलं, औषधं पोचली. त्या घरच्या आजींनी चुलीजवळ बसवून कोरा चहा दिला, आणि खरं सांगतो, त्या क्षणी ही गाडी जगातली सगळ्यात चांगली गाडी वाटत होती.

परत येताना घोटीला एका मेकॅनिककडे डावा हब उघडला. बोल्टवरचा जुना रंग तसाच होता, सांध्यावर जराही तडा नाही. म्हणजे पान्हा कधी लागलाच नव्हता. आतली रिंग तुटलेली, ग्रीस वाळून दगड झालेलं, गंजाचं पाणी. 'नवं किट, नवं ग्रीस'. १८,५०० रुपये. गॅरेजवाला फोनवर म्हणतो, "आमच्याकडून गेली तेव्हा चालू होती." मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानांतून हबची नवी जोडी साताठ हजारांत आली, आणि माझ्या डोळ्यांसमोर अर्ध्या तासात बसली.

म्हणून घेण्याआधी ही तपासणी करा, पाच मिनिटं लागतात. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन बंद, गिअर टाकलेला, ट्रान्सफर केस फोर हायला (चारही चाकं, नेहमीचा वेग), दोन्ही हब लॉक. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. ते अडलं पाहिजे. मोकळं फिरलं तर पुढच्या भागात कुठेतरी तुटलेलं आहे, मग दिवा लागो की झुंबर लागो. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर फोर बाय फोर टाकून चक्कर मारून दाखवणाऱ्यालाही थांबवा. या गाडीला मधलं डिफरन्शियल नाही, कोरड्या रस्त्यावर वळताना पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि तिथेच काहीतरी मोडतं.

बाकीचं थोडक्यात, पण ठामपणे. खालून नवा काळा कोट मारलेली गाडी दिसली की हातोडी घेऊन चासी वाजवा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ. मुंबईच्या हवेत तिथेच सडते, आणि कोट सडलेलं झाकायलाच मारतात. ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर "अलाइनमेंट" ऐकून घेऊ नका, किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्यावर वळतं ते) बघा. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर सील गेलेत. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो टायर घाटासाठी संपला. सैन्याच्या लिलावातली म्हणून स्वस्त मिळणारी गाडी कागद पूर्ण असल्याशिवाय घेऊ नका. चासी नंबर स्वतः कागद ठेवून पेन्सिलने घासून आरसीशी जुळवा. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर फिटनेस, एप्रिल २०२२ पासून लागू झालेली ५,००० रुपयांची नूतनीकरण फी आणि पर्यावरण कर हे किमतीतून आधीच वजा करून बोला.

बांधणीवर पैसे कुठे घालायचे? दिसतं तिथे नाही. आधी ब्रेक, बेअरिंग, हब, सगळी तेलं, चांगले ऑल टेरेन टायर. मग डिफच्या ब्रीदरना (हवा आत-बाहेर जायच्या छोट्या तोंडांना) लांब नळी जोडून बोनेटखाली उंच घ्या. हे काम काहीशे रुपयांचं आहे आणि कुठलाही अ‍ॅक्सेसरीवाला आपणहून सांगणार नाही. गरम झालेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं की समजा पाणी गेलं, आणि ते बदलल्याशिवाय पुढचा प्रवास करू नका. पट्टे आणि शॅकल नागदेवी स्ट्रीटला घ्या, वजनाचा आकडा लोखंडात उठवलेला असेल तेच. ४.७५ टनाचा शॅकल या गाडीला भरपूर आहे.

छपरावरचं कॅरिअर नको. अरुंद गाडी, पाट्यांचं सस्पेंशन, वर वजन असतं तर त्या वळणावर उलटलो असतो आणि आज हे लिहीत नसतो. बंपरपुढचे मोठे लोखंडी गार्ड केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलेत. मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०१९ चा आहे. माझा तो लोखंडी बंपर मी काढून भंगारात दिला. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे आडवी बाकं. लहान मुलांना मागे बसवून महामार्गावर न्यायची ही गाडी नाही, हे घरात आधीच स्पष्ट सांगा.

मुंबईतल्या पुरासाठी ही गाडी घेतली म्हणजे मिलन सबवेत घालायची असं नाही. पाणी हबच्या वर दिसलं की थांबा. आत उघडं मॅनहोल आहे की नाही हे उंच गाडीलाही दिसत नाही. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर गाडी उंचावर लावून घरी बसा, कारण समुद्र पाणी घेतच नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. २००५ ला बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. काच फोडायची हातोडी डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवी, आणि ती बाजूच्या काचेवर मारायची. पुढची काच तिने फुटत नाही.

गाडीत कायम ठेवायचं ते असं. क्लच केबल (या गाडीचा क्लच केबलवर चालतो, तुटली की जागच्या जागी थांबलात), अ‍ॅक्सिलरेटर केबल, बेल्ट, फ्यूज, पंक्चरच्या वाती, बारा व्होल्टचा कंप्रेसर, फावडं, जॅकखाली ठेवायला जाड फळी, एक किलोचा अग्निशामक, वीस लिटर पाणी. हवा उतरवलीत तर भरायचं साधन हवंच, नाहीतर डांबरीवर टायर रिममधून निघतो. पेट्रोलचा कॅन नको. टाकी ४० लिटरची आहे. महामार्गावर लिटरला दहाएक किलोमीटर मिळतात, पण फोर लोमध्ये हा हिशेब विसरा.

त्या वाडीकडे जायचंच असेल तर ऑक्टोबरनंतर जा, तेव्हा कातळ कोरडा असतो. पावसात जायचं तर दोन गाड्या, नाहीतर खाली गाडी लावून पायी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, म्हणून रस्ता सोडून माळावर चाकं घालू नका, वनखातं सोडत नाही आणि सोडूही नये. पेट्रोल घोटीतच फुल करा. आणि ट्रॅक्टरवाल्याला आवणीच्या दिवसांत बोलावलंत तर त्याच्या बुडालेल्या वेळेचे पैसे आपणहून विचारा.