काम वाळूजला, घरचे वेरूळ-अजिंठ्याला

कंपनीच्या कामासाठी संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाणा एमआयडीसीत चार-पाच दिवस राहायचं असेल आणि घरच्यांनाही सोबत न्यायचं असेल, तर तिकिटं काढण्याआधी दोन वार डोक्यात पक्के ठेवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. संभाजीनगरच्या सहलीत सगळ्यात जास्त गोंधळ याच दोन वारांवरून होतो. शनिवार-रविवार जोडून सोमवारी सुट्टी टाकली, सोमवार अजिंठ्यासाठी राखला आणि लेण्यांजवळच्या फर्दापूरपर्यंत जाऊन परत फिरावं लागलं, असं दर हंगामात कुणाचं ना कुणाचं होतं. काम मंगळवार ते शुक्रवार असेल तर माझ्या मते उत्तम आखणी अशी: घरच्यांना गुरुवारी रात्रीपर्यंत बोलवा, शुक्रवारी त्यांना शहर पाहू द्या, शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ.

एका दिवसात दोन्ही लेणी दाखवून देणारे गाडीवाले भेटतील. नको म्हणा. शहरापासून अजिंठा साधारण 100 किलोमीटर, फुलंब्री-सिल्लोडमार्गे अडीच तास सहज लागतात. वेरूळ नेमकं दुसऱ्या दिशेला, 30 किलोमीटरवर. दोन्ही एका दिवसात केलं की मुलांच्या लक्षात फक्त गाडीची मागची सीट राहते. कामाच्या प्रवासातून मोजका वेळ मिळतो, म्हणून तर त्यात कमी ठिकाणं धरावीत.

अजिंठ्याला सकाळी साडेसहाच्या आत निघालात तर नऊच्या सुमारास लेणी उघडताना दारात असाल. आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवर, म्हणजे लेण्यांच्या फाट्यावर, लावावी लागते. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने, कारण धूर चित्रांपासून लांब ठेवायचा आहे. सुविधा शुल्क, बसभाडं आणि लेण्यांचं तिकीट असे तीन वेगळे खर्च असतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना फुकट. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. पाणी आणि थोडं खाणं टी पॉइंटवरूनच बरोबर घ्या.

बसमधून उतरल्यावर पायऱ्यांची खडी चढण आहे. गुडघेदुखीवाल्या आजी-आजोबांसाठी डोली मिळते. भाव खाली, बसायच्या आधी ठरवावा. जाऊन-येऊन आणि मधल्या थांबण्यासकट ठरवावा. वरची वाट वाघोरा नदीच्या वळणाने घोड्याच्या नालासारखी जाते आणि तीस लेणी त्या वळणावर ओळीने आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. 1, 2, 10, 16, 17, 19 आणि 26 एवढी नीट पाहिली तरी चार तास जातात.

नऊला पोहोचलात तर 1 आणि 2 आधी करा. अकरानंतर पोहोचलात तर तिथे रांग असते, कारण चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठराविक माणसंच सोडतात. अशा वेळी सरळ 17 आणि 26 कडे चालू लागा आणि परतताना 1 नंबरला या. या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून नाडीचे बूट नकोत. उन्हात दगड तापतो, पायमोजे हवेत.

आता मुख्य गोष्ट. आत प्रकाश मुद्दाम मंद ठेवला आहे. उन्हातून आलेला माणूस दोन मिनिटं इकडे तिकडे बघतो, ‘काही दिसत नाही’ म्हणतो आणि बाहेर पडतो. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, आणि मध्येच फोनचा पडदा पाहिला की ती कमाई गेली. फ्लॅश तर बंदच आहे. 1 नंबरमध्ये फोन खिशात टाकून गर्भगृहाच्या दारापाशी डावीकडे उभे राहा. आधी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मुकुटाची कड दिसते, मग झुकलेली मान, मग हातातलं निळं कमळ, आणि हळूहळू मागची सगळी गर्दी भिंतीतून पुढे येते. मुलांना ‘हे बघ’ म्हणून सांगायची घाई करू नका. त्यांना आपल्या आधी दिसतं.

ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर रंग. म्हणूनच दमट हवा, वटवाघळांची घाण आणि माणसांचा श्वास यांनी थर सुटतो. काही ठिकाणी पिवळट झाक दिसते, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संरक्षणासाठी लावलेल्या वॉर्निशची. मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 पासून इथे बसून नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच 1885 मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या चित्रकाराने केलेल्या नकलांचंही 1866 मध्ये तेच झालं. भिंतीवर आज जे आहे त्याचं मोल यातून कळतं.

10 नंबरमध्ये एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेलं नाव आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख आहे. ती डोक्याच्या बरीच वर सापडते, कारण तेव्हा लेणं मातीने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. 24 नंबर सहसा कुणी बघत नाही, कारण ते अर्धवट आहे. कारखान्यात काम करणाऱ्याने मात्र ते चुकवू नये. काम कुठून सुरू केलं, कुठे थांबलं, छिन्नीचे घाव कसे पडले, सगळं उघडं आहे. मिलिंग मशिनवर जसं, तसंच इथे: एकदा काढलेलं मटेरियल परत लावता येत नाही. आणि इथे जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हा अख्खा डोंगर, बदलून दुसरा मिळणार नाही.

वेरूळला उलटं गणित आहे. ही लेणी पश्चिमाभिमुख, त्यामुळे सकाळी कैलास लेण्याचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारी तीननंतर त्यावर ऊन येतं. सकाळी दौलताबाद, मग घृष्णेश्वर, जेवण, आणि दोननंतर लेणी, असा क्रम लावा. रविवारी दौलताबादजवळ जुन्या तटाच्या दरवाजातून रस्ता जातो तिथे गाड्या तुंबतात. आठच्या आत तो टप्पा पार करा. किल्ल्यावर अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, ओलांडून माथ्यापर्यंत लहान मुलांना नेऊ नये असं माझं मत आहे. चांद मिनार, खंदक आणि मेंढा तोफ एवढं पुरे. ऑक्टोबरात गेलात तर रस्त्यालगत सीताफळांच्या टोपल्या असतात, जरूर घ्या. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगावरचा सदरा काढून जावं लागतं आणि फोन आत नेता येत नाहीत. वेरूळ हे मालोजीराजे भोसल्यांचं गाव, त्यांच्या गढीची जागाही जवळच आहे.

कैलासात, म्हणजे 16 नंबरात, शिरल्यावर उजवीकडच्या भिंतीवर रामायणाचा पट आहे आणि डावीकडे महाभारताचा. मुलांना एकेक ओळ ओळखायला सांगा, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. उजवीकडेच थोडं पुढे रावण कैलास हलवतो ते शिल्प आहे. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, हे वरून खाली खोदत आणलं. ते पटायला बाजूच्या पायवाटेने वर जाऊन खाली पाहावं, पण पावसाळ्यात ती वाट निसरडी असते आणि लहान मुलांचा हात सोडू नये. 10 नंबरच्या चैत्यात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, दुपारच्या उन्हात बुद्धमूर्ती उजळते. 30 ते 34 ही जैन लेणी दीड-दोन किलोमीटर उत्तरेला आहेत, चालत न जाता वाहनाने जा. 32 नंबरच्या वरच्या मजल्यावरचं कोरीवकाम फार बारीक आहे. माकडांसमोर बिस्किटाचा पुडा उघडू नका. कपारीत आग्या माशांची पोळी असतात, त्यामुळे तीव्र अत्तर आणि आरडाओरडा दोन्ही टाळा.

शुक्रवारी काम आटोपल्यावर तुम्हीही घरच्यांसोबत बीबी-का-मकबऱ्याला जाऊ शकता. तो अंधार पडल्यावरही उघडा असतो. सूर्यास्ताआधी अर्धा तास पोहोचा. संगमरवर कुठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो हे हाताच्या उंचीवरच दिसतं. पैसा बेताचा होता, पण गिलावा घोटणाऱ्याचा हात उत्तम होता. नंतर जुन्या शहरात नान-खलिया, शाकाहारींनी इमरती.

दौऱ्यात ऑफिसचे फोन थांबत नाहीत. मी सुचवेन की शनिवारचे फोन सिल्लोडच्या चहाच्या थांब्यावर, जाताना आणि येताना उरकावेत, आणि तसं शुक्रवारीच सगळ्यांना कळवावं. मुंबईहून येणाऱ्या घरच्यांसाठी आणखी एक पर्याय: अजिंठ्याला जळगाव जवळ पडतं, सुमारे 60 किलोमीटर. त्यांनी शनिवारी पहाटे जळगावला उतरावं, तुम्ही वाळूजहून निघावं आणि टी पॉइंटवर भेटावं. एक बाजूचा प्रवास वाचतो. सामान मात्र तुमच्याच गाडीच्या डिकीत ठेवा.